दवाखान्यातल्या माझ्या निम्म्या हिश्शाबाबत

मी, खाली अंगठा उठवणारा, वय एकसष्ट, व्यवसायाने दातांचा डॉक्टर, आता घरी बसलेला, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवत आहे. माझा हात कापतो. डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला फॅमिली डॉक्टरांनी जोडला आहे. मजकूर मी सांगितला, वकिलांनी लिहून घेतला. मध्येच ते "हे घालायलाच हवं का?" असं विचारत होते. हवं.

१. राहतं घर पत्नीचं. "आई, एकटी कशाला राहतेस" असं म्हणून तिला तिथून कोणी हलवायचं नाही.

२. मेव्हण्याला काही नाही. जन्मभर मला 'दातपाड्या' म्हणाला आणि कवळी मात्र फुकटात बसवून घेतली. ती त्याने ठेवावी.

३. दवाखाना मी आणि माझ्या भागीदाराने मिळून काढला. तेव्हाच दोघांनी अपंगत्वाचा विमा उतरवला. एकाचा हात गेला, तर विम्याच्या पैशातून दुसऱ्याने त्याचा हिस्सा विकत घ्यायचा, म्हणजे घरची चूल चालू राहील. हप्ता कधी चुकवला नाही.

मग मला कंपवात झाला. भागीदाराला सांगितलं तेव्हा तो दार लावून रडला. म्हणाला, "तू नुसता शेजारी बस, पेशंटशी गप्पा मार. बाकीचं मी बघतो." दोन वर्षं माझ्या पेशंटच्या दाढा त्याने काढल्या, रूट कॅनल त्याने केली आणि नोंद माझ्या नावावर लावली, माझ्या घरी पैसे यावेत म्हणून. शेवटी बसणंही जमेना, तेव्हा विमा कंपनीकडे गेलो. त्यांचा माणूस शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, नोंदींप्रमाणे तुम्ही तर मागच्या महिन्यापर्यंत दाढा काढत होतात. मग हात गेला कधी?" खरं सांगावं, तर खोट्या नोंदींबद्दल भागीदार अडकणार. मी गप्प बसलो. दावा फेटाळला गेला.

४. पत्नी म्हणते, "केस करा त्याच्यावर. त्याच्या चांगुलपणाने आपलं वाटोळं केलं." तिचं काही चुकत नाही. मलाही त्याचा राग येतो. घास तोंडाशी नेताना सांडला की फार येतो. तरी माझ्यामागे कोणीही केस करायची नाही. त्याने मला वाऱ्यावर सोडलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

५. दवाखान्यातला माझा निम्मा हिस्सा मुलीला. ती हेच काम शिकली आहे आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. अट एकच. पहिला पेशंट खुर्चीत बसवण्याआधी तिने स्वतःचा विमा उतरवावा आणि भागीदाराशी नवा करार करावा: ज्याचा हात थांबेल त्याचं काम त्याच दिवशी थांबेल, आणि कंपनीला लगेच कळवलं जाईल. भागीदाराचा जुना विमा चालू आहे.

६. बाळ, हे तुझ्यासाठी. परवा भागीदार मला भेटायला आला होता. निघताना त्याला बुटाची नाडी बांधता येईना. उजव्या हाताची बोटं चोळत बसला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "थंडी आहे रे." थंडी नव्हती.

तू त्याला काका म्हणत आलीस. तुझा जीव तुटेल. त्याचे पेशंट आपण करावेत आणि नाव त्याचं लावावं, असं तुला वाटेल. करू नकोस. पेशंटदेखत का होईना, त्याच्या हातातला दात बघायचा आरसा काढून घे. तो तुला नाही नाही ते बोलेल, बोलू दे. माझ्या हातातून कोणी काढून घेतला नाही.

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल.
तारीख: वकिलांच्या शिक्क्यावर आहे ती.
डाव्या अंगठ्याचा ठसा: मृत्युपत्र करणारा.
साक्षीदार: १. फॅमिली डॉक्टर (सही). २. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही).

साक्षीला भागीदारही यायला तयार होता. मी नको म्हणालो. त्याला सगळ्यांसमोर सही करावी लागली असती.