मीटरपुढची तिमजली

हॅरिस्मिथ,
जुलै, आपल्याकडचा ऐन हिवाळा, अंगणातला नळ गोठलेला असताना

माझी थोरली, मानाची आणि रागाची आउसुस हेस्टर हिला धाकट्या द्रीकाचा नमस्कार.

थोरल्या बहिणीची प्रकृती आधी विचारावी अशी आईची शिकवण, म्हणून विचारते. गुडघे काय म्हणतात? मार्गेटला तुम्ही मंडळी ऐन हिवाळ्यात बिनबाह्यांचे झगे घालून समुद्रावर हिंडता असं ऐकलं. सुखी आहात. इथे किटलीभर उकळतं पाणी ओतल्याशिवाय नळ थेंब सोडत नाही. मी ठणठणीत, वेसेल ठीक, आणि साप (नाक मुरडलंस ते मला इथून दिसलं) तिघेही हयात आहेत. आता पुढचं सगळं त्यांच्याबद्दलच आहे, तेव्हा खुर्ची ओढून घे.

धान्याच्या कोठारातली नोकरी संपल्यावर माझा नवरा खिडकीशी बसला तो बसलाच, हे तुला ठाऊक आहे. बोलायचं म्हणजे 'हं' आणि 'उंहूं'. मग कोणीतरी गाव सोडताना मोसी त्याच्या गळ्यात घातली (अक्षरशः, अजगरीण आहे ती). त्या दिवसापासून हा माणूस बोलायला लागला. माझ्याशी नाही, तिच्याशी. पण घरात आवाज आला, आणि मला तेवढाही पुरे होता. पाठोपाठ दोन किरकोळ तांबडे साप आले आणि त्याने पॅसेजमध्ये त्यांच्यासाठी फळ्यांची तिमजली उभारली. एकावर एक पेट्या, पुढे सरकत्या काचा, प्रत्येकीच्या तळाशी उबेची तार. जन्मभर कोठारं सांभाळलेला माणूस. भूकंप आला तर घर पडेल पण पेट्या राहतील अशा बेताने सगळं एकमेकांना आणि भिंतीला स्क्रूने आवळून टाकलं. एकच चूक झाली. उबेचं माप घेणारं यंत्र त्याने सगळ्यात खालच्या पेटीत बसवलं. ऊब आपली वर जाते, एवढं माझ्या कणकेलासुद्धा कळतं. तळमजल्यावरचा कुडकुडतोय म्हणून तार तापत राही, आणि तिसऱ्या मजल्यावरची मोसी पावासारखी भाजून निघे. मला हे कसं समजलं? मी रस्कचं पीठ फुगायला वरच्या फळीवर ठेवलं आणि ते तासाभरात परातीबाहेर आलं. (पीठ मी तिथे का ठेवलं, हा प्रश्न तू विचारू नकोस. जागा उबदार होती. सापांशी माझा काडीचा संबंध नाही.)

यंत्र वर गेलं, मोसी मधल्या मजल्यावर आली, सगळं सुरळीत झालं. मग त्या गुरुवारी चर्चचे डोमिनी घरभेटीला आले. आपले जुने डोमिनी नव्हेत. हे नवीन, कोवळे, उंच, हात बांबूसारखे लांब. मी कॉफी ओतते आहे, ते माझ्या आत्म्याची विचारपूस करताहेत, आणि फट्कन अंधार. वीज संपली. वेसेलने पेट्या बसवण्याआधी मीटरमध्ये आगाऊ पैसे टाकून वसंत ऋतूपर्यंत पुरेल एवढी वीज भरून ठेवली होती, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! उबेच्या तारांनी ती केव्हाच खाऊन टाकली होती. बरं, पैसे भरून मीटरचा नवा आकडा फोनवर मागवला, आलाही. पण तो दाबायचा कुठे? मीटर तिमजलीच्या मागे. पॅसेजमधली एकुलती एक मोकळी भिंत म्हणून त्याने नेमकी तीच निवडली होती, आणि मीही ती पसंत केली होती. फटीत वेसेलचा हात कोपराशीच अडकला. माझा दंड तुला माहीतच आहे. मग आम्ही दोघांनी मेणबत्ती उचलून डोमिनींच्या बाह्यांकडे पाहिलं.

फार चांगला मुलगा. कोट काढून खांद्यापर्यंत हात घातला, गाल बाजूच्या काचेला टेकवला, डोळे मिटले. मी आकडे वाचतेय, तो चाचपडत दाबतोय, मीटर 'चूक' म्हणून कोकलतंय. इकडे पेटीत गारठलेली मोसी ऊब शोधत काचेपाशी आली आणि बरोबर त्याच्या गालासमोर वेटोळं करून बसली. तेवढ्यात आकडा लागला, दिवे लागले, आणि त्याने डोळे उघडले.

"तान्नी द्रीका," तो मावशीला हाक मारावी तसा अगदी हळू म्हणाला, "हात काढू का?"

"सावकाश काढा. ती दचकते," वेसेल म्हणाला.

नंतरची प्रार्थना त्याने डोळे उघडे ठेवून केली. मी पाहिलं, म्हणजे माझेही उघडे होते.

डोमिनींना दर खेपेला बोलावता येत नाही, म्हणून वेसेलने मधल्या पेटीच्या पाठीला भोक पाडलं. म्हणजे आता वीज भरायची तर मोसीला बाहेर काढा, तिच्या घरातून हात घाला, आणि तोवर ती बिचारी पॅसेजच्या वाऱ्यात. व्हायचं तेच झालं. तिची छाती भरली. श्वास घेताना शिट्टी वाजते. वेसेल पेटीला कान लावून बसतो आणि पुन्हा बोलेनासा झालाय. हेस्टर, मला त्याची भीती वाटते. ती गेली तर हा परत खिडकीशी जाऊन बसेल, आणि या खेपेला मी त्याला उठवू शकणार नाही.

असो. सर्वांना माझा आशीर्वाद सांग, गुडघ्यांना तेल लाव.

तुझी,
द्रीका

ता. क. जनावरांची डॉक्टरीण म्हणते, इथला आणखी एक कडाका मोसीला सोसवणार नाही. वसंतापर्यंत समुद्राकाठी कुठेतरी ठेवा म्हणाली. समुद्राकाठी आमचं तुझ्याशिवाय कोण आहे?

ता. क. २. तुझ्या शिवणाच्या खोलीत दिवसभर ऊन येतं. मधली पेटी तिथे सहज मावेल, मी मागच्या खेपेला टेप लावून पाहिलंय.

ता. क. ३. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र वेसेलच घेऊन येतोय. बाहेर गाडी सुरू करून थांबलाय. तू गेल्या महिन्यातच हो म्हणालीस असं मी त्याला सांगितलंय, नाहीतर तो निघालाच नसता. तो काही मागणार नाही, नुसता दारात उभा राहील. हातातली मधली पेटी (स्क्रू सोडवायला दोन दिवस गेले) रिकामी आहे. गरम पाण्याची पिशवी डर्बनपर्यंतही टिकायची नाही, म्हणून मोसी त्याच्या कोटाच्या आत आहे; बटणं मीच लावून दिली. तेव्हा मिठी मारायची झालीच तर बेताने मार.