नळीचं थंड टोक

३ नोव्हें.
प्रज्ञानं जर्मनीहून मोबाईलवर तिची नळी दाखवली. काय चमकते! मी आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या भाजीवालीला सांगून आली, माझ्या नातीनं बनवली. ती म्हणे, अच्छा माताजी, नल लगाती है? लगाती है, म्हटलं. कोण समजावत बसते. हायड्रोजनचे कण जोडीनं राहतात. ही त्यांना तापल्या नळीतून काढून जोडी फोडते. थंड जागी टेकले की पुन्हा चिकटतात, मेले. पुढं यातूनच न्यूट्रिनो नावाच्या बारक्या कणाचं वजन काढणार. तो भिंतीतून, आपल्यातून आरपार जाते म्हणे, कळत पण नाही. मी म्हटलं, तुझ्या आजोबासारखा. चार वर्षं झाली जाऊन, दार न उघडता येतात. ती हसली नाही.

५ नोव्हें.
प्रज्ञा रडवेली. सुटे कण पुरेसे निघून नाही राहिले. महिनाअखेर जमलं नाही तर नोकरी संपते. नळी दाखव, म्हटलं. पाहिली आन् तोंडून निघालं, "आजोबा म्हणतात, एका टोकाला थंड आहे."
प्रज्ञा म्हणे, "आजी, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. असं काहून बोलते?"
खरंय. श्राद्ध नाही करत, भूत नाही मानत. पण आवाज यांचाच, डाव्या कानाशी. फॅक्टरीत भट्टीवर होते, लोखंडाचा रंग पाहून ताप सांगायचे. जेवतानाही तेच पुराण.

८ नोव्हें.
टोकाला नळी धरणारी पकडच थंड होती! प्रज्ञानं बदलली, कण वाढले. लाडू वळले, गोरखपूर मोहल्ल्यातल्या बहिणीला डबा पाठवला. फार आनंद.
पण हे बोलले, की यांचं ऐकून ऐकून मलाच समजलं? मलाच समजलं असेल तर हे नाहीतच. विहारात कोणत्या तोंडानं विचारू.

१२ नोव्हें.
कण पुन्हा घटले. प्रज्ञानं नळी दाखवली, मला सगळी सारखीच दिसली. मग आवाज बारीक करून म्हणे, "आजी, आजोबांना विचार ना."
मला प्रतिज्ञा सांगणारी पोरगी!
दुपारी मी दार लावून बसली. आयुष्यात पहिल्यांदा यांना नावानं हाक मारली. कान देऊन बसली. एक अक्षर नाही. चार वर्षांत घर इतकं रिकामं कधी—
फोन वाजून राहिला. प्रज्ञाच असेल.