बाईंच्या जागी मराठीचा तास

सोलापूर,
शुक्रवार, शाळा सुटल्यावर

माननीय मुख्याध्यापिका बाई (आणि घरच्या नात्याने प्रिय धम्मा) यांस,

सविनय आणि सप्रेम जय भीम. तुझी तब्येत, आईंचे गुडघे आणि नव्या शाळेचं गळकं छप्पर, या तिन्हींची खुशाली कळव. आईंना जावयाचा जय भीम सांग. इकडे सगळं उत्तम आहे. तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? तर फोनवर तू ‘जेवलास का’ विचारतेस, मी ‘जेवलो’ म्हणतो, तेवढ्यात तुझ्याकडे कुणीतरी येतं आणि तू ‘ठेवते’ म्हणतेस. एवढ्यात माणसाने सांगायचं तरी काय?

तुला बढती मिळाली आणि तू संस्थेच्या वैरागच्या शाळेत गेलीस, याचा मला अभिमानच आहे. (स्टँडवर मी डोळे पुसले ते धुळीमुळे. सोलापूरची धूळ तुला माहीत आहे.) पण तुझी गाडी सुटली आणि मोठ्या सरांनी तुझे सातवीचे मराठीचे तास माझ्या गळ्यात घातले. म्हणाले, नवीन बाई मिळेपर्यंत सांभाळा, तुम्ही बाईंचे यजमान, थोडंफार कानावर पडलंच असेल. माझ्या कानावर इतकी वर्षं काय पडलं, तर ओला टॉवेल पलंगावर टाकू नकोस. त्यावर मी अलंकार शिकवायचे!

पहिल्या दिवशी मी उपमा घेतली. आपल्याला जमतं त्या रीतीने फळ्यावर समीकरण मांडलं, एका बाजूला मुख, दुसऱ्या बाजूला चंद्र, मध्ये बरोबरचं चिन्ह. पुढच्या उदाहरणात मुख बरोबर कमळ. तुझा लाडका बिरप्पा (तोच, खिडकीजवळचा, ज्याला तू कवी म्हणायचीस) उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मग चंद्र बरोबर कमळ झालं की.” आता मला सांग, गणिताच्या मास्तराने याला चूक कसं म्हणायचं? मी त्याला शाबासकी दिली. चाचणीत अर्ध्या वर्गाने लिहिलं की चंद्र चिखलात उगवतो.

यमकाचं तर विचारूच नकोस. शेवटचं अक्षर सारखं आलं की यमक, असं मी बजावलं. तेव्हापासून हजेरीला कुणी सरळ ‘हजर’ म्हणत नाही, एक म्हणतो ‘हजर’ आणि त्याच्या मागचा ओरडतो ‘गाजर’. मोठे सर दोनदा डोकावून गेले.

मग ती जुनी कविता आली. सासरी असलेली बाई, भाऊ न्यायला येईल म्हणून वाट बघतेय आणि झुरून इतकी वाळलीय की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर चढतात. दरवर्षी तू ही कविता शिकवायचीस, आणि शेजारच्या वर्गात त्रैराशिक शिकवताना भिंतीपलीकडून तुझा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत, नुसती चाल यायची. मी ती कविता आधी कधी वाचलीच नव्हती, हे मला वर्गात उभं राहिल्यावर कळलं.

वर्गाला तर त्या बाईचं काहीच पटेना. एकीने विचारलं, लहान मापाच्या बांगड्या भरायला काय झालं? एकाचं म्हणणं, भावाला मिस कॉल द्यायचा. बिरप्पा म्हणाला, “सर, एवढी वाळलीय तर डागदरकडं का न्हेत न्हाईत तिला?” हे सगळे आरोप खोडून काढायला मी तोंड उघडलं. त्या काळी फोन नव्हते वगैरे सांगणार होतो. पण निघालं भलतंच. मी म्हणालो, मुलांनो, फोन असला तरी काही उपयोग नसतो. संध्याकाळी भाजी आणायला गेलं की सवयीने दोघांची घेतली जाते. घरी आल्यावर कुणाशी भांडावं कळत नाही... मी फळ्याकडे तोंड करून आधीच पुसलेला फळा पुसत राहिलो.

 मागून दानेश्वरीचा आवाज आला. तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न होऊन ती अक्कलकोटच्या पुढं गेली, तुला माहीत आहेच. ती म्हणाली, “सर, अक्का गेल्यापास्नं दारात कुठलीबी गाडी थांबली की मला वाटतं, जणू अक्काच आली. मी पळत जाती. दूधवालाच असतोय.” ‘जणू’ आलं म्हणून मी याला उत्प्रेक्षा म्हणून टाकलं. नंतर तुझ्या पुस्तकात पाहिलं, तो बहुतेक भ्रांतिमान असावा. पण तिला जाऊन ‘तो तुझा भ्रम होता’ म्हणायचं धाडस मला झालं नाही. त्या तासाला पोरांनी ती कविता पुन्हा वाचायला लावली, आणि त्या बांगड्यांना कुणी हसलं नाही.

आज मोठे सर तपासणीला आले. म्हणाले, अतिशयोक्तीचं उदाहरण द्या. बिरप्पा ताडकन उठला. “सर, बाई वैरागला गेल्यापास्नं आमचे सर हजेरी घेताना दानेश्वरीच्या जागी रोज धम्मप्रिया म्हनतेत.” दानेश्वरी पुढे म्हणाली, “आनि मी हजर म्हनती. सरांना वाईट वाटू नये म्हनून.”

 मोठ्या सरांनी चष्मा काढला, पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, “ही अतिशयोक्ती नव्हे, बाळा. मी व्हरांड्यातून स्वतः ऐकलंय. ही स्वभावोक्ती.”

तर असं चाललंय. काळजी करू नकोस. मी अगदी मजेत आहे, तू तुझ्या शाळेत लक्ष घाल.

तुझाच, आणि कागदोपत्री अजून गणिताचाच,
संघपाल

ता. क. मजेत आहे, हे वर लिहिलेलं खोडावं की काय, असा विचार चालू आहे.

ता. क. तास संपल्यावर मोठ्या सरांनी मला खोलीत बोलावलं. तुझ्या शाळेत गणिताची जागा रिकामी आहे, असं ते म्हणाले. इथून सोडायला त्यांची हरकत नाही, मात्र तिथल्या मुख्याध्यापकांची संमती लागते. म्हणजे तुझी. शाळेत मी तुला ‘मॅडम’ म्हणेन, उशीर झाला तर लेट मार्क घेईन. वर्गाला सांगितलं तेव्हा बिरप्पा माझ्याशी बोलेना. शेवटी म्हणाला, “जावा सर, पन कविता संपवून जावा. तिचा भाऊ आला का न्हाय, ते तरी कळू द्या.” म्हणून सहामाही झाल्यावर येईन, चालेल?

ता. क. पत्र पोस्टात टाकायचा धीर धरवेना. शनिवारची रजा टाकून पहिल्या एसटीने मीच घेऊन आलो. तुझ्या शिपायाला ‘मी एक पालक आहे’ असं सांगून हे आत पाठवलंय आणि बाहेरच्या बाकावर बसलोय. सावकाश वाच. वाचून झालं की घंटी वाजव.