अकरा साइट, एक फाइल

४ मे २००६
अकरा वेबसाइटचे रंग एकाच फाइलमध्ये ठेवले, हे बरोबर केलं का? मला सांगता येत नाही. आज सकाळपर्यंत येत होतं!

आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवतो; मार्चपर्यंत दौंडच्या आमच्या ऑफिसात प्रत्येक साइट वेगळी होती. फोन नंबर बदलला की चाळीस पानं उघडा, चाळीसदा टाइप करा. मग मी साचा केला. वरची पट्टी, मेनू, खालचा पत्ता – एकदाच. रंग आणि अक्षरं सगळ्यांची मिळून एकाच फाइलमध्ये – स्टाइलशीटमध्ये. ज्याला काही निराळं हवं, त्याची छोटी फाइल वेगळी. हा नियम मीच लिहून भिंतीला चिकटवला.

आणि मीच मोडला. काल शिरूरच्या एका शाळेचे संस्थापक वारले. सेक्रेटरींचा फोन – "तेरा दिवस साइट काळी ठेवा." मला केडगावची गाडी गाठायची होती. शाळेच्या फाइलऐवजी सगळ्यांच्याच फाइलमध्ये काळा टाकला. शेजारच्या टेबलावरच्या शितलला म्हटलं, "अपलोड कर." निघाले.

अकराही साइट काळ्या! न्हावऱ्याचं मंगल कार्यालयसुद्धा.

५ मे
कार्यालयाचे मालक आनंदराव स्वतः आले. "आमच्यात लगीन लागतंय का दहावा घालताय? नवरीच्या मामानं पुण्यात बघितली साइट. म्हनला, असल्या जागी पोरगी उभी करनार न्हाई. ठरल्यालं लगीन दुसऱ्या हॉलात गेलं!"

आमचे मालक पोपटराव. त्यांनी रजिस्टर उघडलं. अपलोडपुढं शितलची सही. "उद्यापासून येऊ नको."

ती माझ्याकडं बघत होती. मी स्क्रीनकडं.

६ मे
रंग परवाच पहिल्यासारखे केले होते; शाळा तेवढी काळी ठेवली. एका ओळीचं काम.

पोपटराव खुशीत. "निखत, तुझ्या साच्यानं लई सोपं झालं बघ. आता एकच मानूस पुरं! तिला तशीबी काढायचीच व्हती."

साचा केला तेव्हा ठरवलं होतं – वाचलेल्या वेळात शितलला कोड शिकवायचा. थोडा शिकवलाही. ती बारावी झालेली. घरी स्थळं बघतायत. नोकरी आहे तोवर थांबतील, म्हणायची.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. अब्बा पाहुण्यांना सांगतात, "हमारी निखत खुद बनाती, नकल नहीं मारती."

७ मे
रविवार. कासुर्डीला शितलच्या घरी गेले. तिची आई – "तूच व्हय ती हापिसातली? बस, च्या टाकते. परवा पावनं येनारंत हिला बघायला."

शितल बाहेर सोडायला आली. एवढंच म्हणाली, "तू सांगशील म्हनून मी गप ऱ्हायले."

९ मे
काल पोपटरावांना सांगितलं, आनंदरावांनाही – ती ओळ माझी. एकच माणूस ठेवायचं तर शितलला ठेवा. साचा कुणालाही चालवता येतो, त्यासाठीच तर केला.

आज पाहुणे यायचे होते, पण घरच्यांनी त्यांना थांबवलं; ती कामावर गेली. मी घरी आहे.