माझ्याच हातावरचा चतुर

रविवार, ५ ऑक्टोबर

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. मी मजेत, शिलाई मशीन मजेत, दुकानाचं शटर नेहमीसारखं कुरकुरतंय आणि तू पाठवलेली शाल अंगावर घेऊन बसलेय. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षर एवढं टपोरं आलंय ते नव्या पेनामुळे. ओळी वरखाली गेल्यात, कारण टेबल डुगडुगतंय.

तर तुझी ताई हल्ली दर रविवारी सकाळी किडे बघायला जाते. हसून घे आधी. गावाबाहेरच्या राखीव पाणथळीत लाकडी फळ्यांची वाट केलीय, तिथे आमचा कंपू जमतो. आमचे पुढारी म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. पायात गमबूट, गळ्यात दुर्बीण, आणि कुणी शिंकलं तरी डोळे वटारतात. पंख पसरून बसतो तो चतुर आणि पंख मिटून बसते ती टाचणी, हे त्यांनीच शिकवलं. माझा जन्म गेला टाचण्या बोटाला टोचून घेण्यात, आणि उडणारी टाचणी असते हे या वयात कळलं!

मास्तरांचा एक नियम आहे. जोडीजोडीने चालायचं आणि एकाला काही दिसलं, तर जोडीदाराने "दिसलं" म्हटल्याशिवाय ते खरं धरायचं नाही. माझी जोडीदारीण शेजारची बेकरीवाली. तिची नजर घारीसारखी. "तो बघ निळा, लव्हाळ्याच्या टोकावर!" ती म्हणते. मी म्हणते, "दिसला." "टाचण्यांची जोडी, पानाखाली!" "दिसली गं." आमच्या जोडीचा कंपूत भलताच दबदबा आहे.

दुकानाचं म्हणशील तर हल्ली पडदे आणि अभ्रेच शिवायला घेते. काज-कॉलरची कटकट नको वाटते. काळ्या कापडावर काळा दोरा तर बाई नकोच. सकाळी पाव द्यायला येते तेव्हा बेकरीवालीच सुया ओवून ठेवते. तिला आवड आहे.

मागच्या रविवारी मात्र मला वाटलं, किती दिवस दुसऱ्याच्या दिसण्याला माना डोलवायच्या? तेवढ्यात पाण्याच्या कडेला गवतात काहीतरी लालभडक दिसलं. मी दबक्या आवाजात म्हटलं, "लाल चतुर!" बेकरीवालीने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "दिसला." झालं! सगळे श्वास रोखून खाली बसले. मास्तर चित्र काढायला चिखलात उतरले, गुडघ्यापर्यंत रुतले आणि वाकून बघतात तर काय, कपडे वाळत घालायचा चिमटा! राखणदाराने कडेने दोरी बांधलीय, तिला लावलेला. मास्तर वर बघून गंभीरपणे म्हणाले, "पंख मिटलेले आहेत, तेव्हा टाचणीच म्हणू या." हसून हसून आमची मुरकुंडी वळली. मीही हसले. खरंच हसले, बारके.

परतताना मी बेकरीवालीला गाठलं.

"चिमटा आहे हे तुला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं की."

"मग हो का म्हणालीस?"

"तू इतके दिवस माझ्यासाठी म्हणत आलीस. मी एकदा म्हटलं तर काय बिघडलं?"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. पुढे घरापर्यंत आम्ही फक्त पावाच्या पिठाबद्दल बोललो.

आता आजचं सांगते, त्यासाठीच तर बसलेय लिहायला. सकाळी ऊन खात उभी होते, तर हातावर काहीतरी येऊन बसलं. इतकं हलकं, की पायांची नुसती हुळहुळ जाणवली. सगळे जागच्या जागी थबकले. मास्तर कुजबुजले, "हलू नका. पंखांवर सोनेरी पट्टा आहे. मी आयुष्यात एकदाच पाहिलाय हा." मी बेकरीवालीला विचारलं, "कसा आहे गं?" ती सांगू लागली आणि मध्येच थांबली. म्हणाली, "हा तू स्वतः बघायला हवास." मी हात हळूहळू डोळ्यांपाशी नेला. धुकं होतं, बारके, नुसतं धुकं. मग हुळहुळ थांबली. सगळ्यांनी पाहिला तो. माझ्याच हातावरचा मला दिसला नाही.

पेन जुनंच आहे. टेबलही डुगडुगत नाही.

मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करून घे, म्हणून तू कधीची कानीकपाळी ओरडतेयस, आणि मी "नर्स झालीस म्हणजे डॉक्टर नव्हेस" असं म्हणून फोन ठेवत आले. खरं एवढंच, की मी भ्याले. आईच्या डोळ्यांची पट्टी सोडली तेव्हा तू अंगणात खेळत होतीस. खोलीत मी होते. भर दुपारी ती म्हणाली, "कुणीतरी दिवा लावा गं." हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता तसं होत नाही, असं तू शंभरदा सांगितलंस. आज पहिल्यांदा ते ऐकून घ्यावंसं वाटलं.

तेव्हा तुमच्या वॉर्डात माझी तारीख घेऊन टाक. लांबची नको, कारण थंडी वाढली की ते सोनेरी साहेब दिसायचे नाहीत, असं मास्तर म्हणतात. बेकरीवाली सोबत येणार आहे, वाटेत खायला ढीगभर बिस्किटं घेऊन. मात्र पट्टी सोडताना समोर तूच उभी राहा. आणि एक ध्यानात ठेव, तुझं मन राखायला मी "दिसलीस" म्हणणार नाही. म्हटलं, तर खरंच दिसली असशील.

तुला डोळे भरून बघायला निघालेली,
तुझी भित्री ताई