सुमनच्या चपला

१० मार्च १९७५
शेजारच्या मळ्यातल्या विहिरीत सुमन सापडली. विशीतली पोर. नवरा पलटणीत, घरी सासू नि दीर. पोलीस पाटील म्हणून मीच दोर लावून वर घेतली. चपला पायातच. बघवेना, मी काढून पायरीवर ठेवल्या. दुपारी फौजदार, पंचनामा. ‘चपला पायरीवर, पाय घसरून पडली.’ अकस्मात मयत. माझी सही. चपलांचं बोलायचं सुचलंच नाही.

१३ मार्च
आटपाडीकडून सुमनची आई कोंडाबाई आली. ठाण्यावर फिर्याद घेईनात. माझ्यासमोर ओरडली, “संक्रातीला आल्ती तवा म्हनत हुती, आये, दीर मला जित्ती ठेवत न्हाई. ढकलली माज्या लेकीला!” फौजदार म्हणाले, चपला काढून उतरली, घसरली. विषय संपला.
जेवण गेलं नाही. आमच्यात बायका चपला वर काढूनच विहिरीत उतरतात. मग हिच्या पायात कशा? घाईत उतरली? की उतरलीच नाही...
काय करून बसलो मी!

१५ मार्च
साताऱ्याला. मेहुणा कोर्टात कारकून. “दाजी, खुनाची फिर्याद आली की लिहून घ्यावीच लागते. खरं-खोटं पुढं तपासात.” एवढं सोपं? मग घेत का नाहीत? तो दीर रोज माझ्या ओट्यावर बसतो, तंबाखू मळून देतो. काही केलंच नसेल त्यानं तर? डोकं चालत नाही.

१७ मार्च
फौजदारांना सांगितलं. “पाटील, चपला तुम्ही हलवल्या. मग पहिला गुन्हा तुमच्यावरच नोंदवू?” परत आलो. राग त्यांचा आला की स्वतःचा, कळत नाही.

१८ मार्च
कोंडाबाई सहा दिवस ठाण्याच्या पायरीवर बसून. आज तिला सांगून टाकलं. वाटलं, थुंकेल तोंडावर. तिनं माझे हात धरले. “बरं केलंसा पाटील. चपला घालूनच कशी न्यायची लेकीला?”
लय लाज वाटली.
मग म्हणाली, “आवं, आता तरी लिवून घेत्याल न्हवं?”
हो म्हणालो. तिला घेऊन आत गेलो. फौजदारांनी मान वर केली नाही, “बसा” म्हणाले. तासभर झाला. हे बाकावरच लिहितोय. ती दर थोड्या वेळानं माझ्या वहीत डोकावते. तिला वाटतंय, मी तिची फिर्याद लिहितोय.