ठेंगूची शिंक

३ मार्च, सकाळी ९
डबिंग स्टुडिओतून दिग्दर्शक बाईंचा फोन. आमच्या हिने त्यांच्या कार्टून मालिकेतल्या ठेंगूला आवाज दिला होता. पहिला भाग झाला, बारा राहिले, आणि ही गेली. आता एक नवी मुलगी घेतली आहे. मालिकाभर एकच आवाज हवा म्हणून पहिला भागही तीच पुन्हा करणार. म्हणजे हिचा आवाज पुसणार. बाई तीनदा सॉरी म्हणाल्या. मी म्हणालो, काही हरकत नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हरकत आहे.

४ मार्च
उपाय सापडला. उरलेले बारा भाग मी करायचे, हुबेहूब हिच्या आवाजात. मग पहिला पुसायचं कारणच उरत नाही. एकतीस वर्षं तो आवाज रोज ऐकला आहे. शिवाय सगळी नोकरी वजनमाप खात्यात गेली, काटेकोरपणा अंगात आहे. वय त्रेसष्ट, पण माइकला दाढी दिसत नाही. रोज पहाटे सहाला सराव. गरम पाणी.

५ मार्च
सव्वाआठला उठलो. उद्यापासून.

६ मार्च
हिच्या लॅपटॉपवर पहिला भाग पाहिला. ढगांवरचं गाव. तिथे सगळे उडतात, चहासुद्धा मंत्राने ढवळतात. ठेंगू एकटाच पायी चालतो. तो शिंकला की आसपासची जादू बंद पडते आणि उडणारे धपाधप खाली येतात. कुणी काही विचारलं की मान वाकडी करून म्हणतो, ठरलंय माझं सगळं. ठरलेलं काहीच नसतं. इतकं बावळट पात्र हिने इतक्या मायेने का केलं, कळत नाही.
पाच वेळा पाहिला. अभ्यासापुरता.

९ मार्च
बाथरूममध्ये सराव चालू असताना मेहुणी डबा घेऊन आली. बाहेरून ओरडली, भावोजी, आत मांजर अडकलंय का? बाहेर येऊन बेत सांगितला. तिने डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, भावोजी, त्यापेक्षा एकदा मोकळेपणी रडून का घेत नाही? मी म्हणालो, ठरलंय माझं सगळं. ती हसायलाच लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला. दोघी बहिणींचं मला कधीच कळलं नाही.

१२ मार्च
घसा बसला. चांगलं लक्षण. जुना आवाज गेल्याशिवाय नवा कसा येणार? डॉक्टर म्हणाले, आठवडाभर बोलू नका. काही अवघड नाही. घरात बोलायला आहे कोण.
हे शेवटचं वाक्य उगीच लिहिलं.

१९ मार्च
आवाज परत आला. जुनाच. बाईंना फोन करून ठामपणे ऑडिशन मागायची होती. प्रत्यक्षात नव्या मुलीला शुभेच्छा कळवून फोन बंद केला. मेहुणीने माझ्या हातातून फोन घेतला, पुन्हा लावला आणि दोन मिनिटांत उद्याची वेळ ठरवली. पाया मी घातला होता.

२० मार्च, दुपारी ४
स्टुडिओ. भिंतींना जाड पडदे, काचेपलीकडे बाई, रेकॉर्डिस्ट आणि सोबत आलेली मेहुणी. हातात हिचेच कागद दिले. जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीच्या बारीक खुणा. पहिल्या खुणेवर श्वास घेतला. पुढे शब्द फुटेना. अकरा टेक. बाई म्हणाल्या, काका, सावकाश. याहून सावकाश काय असणार?
बाराव्या टेकला पडद्याची धूळ नाकात गेली आणि मी शिंकलो. दोनदा, मधे एक अरे. रेकॉर्डिस्ट खुर्चीतून उडालाच. त्याने हिच्या आवाजातली ठेंगूची शिंक लावून दाखवली. दोनदा, मधे अरे. मग बाईंनी सांगितलं की ही म्हणायची, ठेंगू मला शोधावा लागला नाही, घरीच बसलेला असतो. मेहुणीला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत होतं, भावोजी.
मी पास झालो नाही. पहिला भाग पुसणारच. फक्त हिची शिंक ठेवणार, सगळ्या भागांना तीच. ती नव्या मुलीला जमत नाही. मी म्हणालो, मूळ शिंक माझी आहे, हवी तर ताजी देतो. रेकॉर्डिस्ट म्हणाला, नको काका, ताईंची जास्त खरी वाटते.

१४ एप्रिल
आज पहिला भाग टीव्हीवर लागला. मेहुणी शेजारी बसली होती. नव्या मुलीच्या चुका टिपायला वही घेतली होती. वही कोरी राहिली. मुलगी चांगली आहे. अकराव्या मिनिटाला ठेंगू शिंकला, आणि मधे ही म्हणाली, अरे. सगळं गाव खाली आलं.
मला रुमाल लागला. मेहुणीने आवाज कमी केला.
सर्दी असणार. उद्यापासून गरम पाणी.